लांबच्या सायकलफेरीला वयात आलेली मुलं हौसेनं कशी येतील?

नीलपंख

आम्ही दोघंही सायकलवेडे. मुलं आधी मागच्या सीटवर, मग ट्रेलरमध्ये आणि पुढे आपापल्या सायकलींवर आमच्याबरोबर फिरली. धाकटा अजूनही टायरमध्ये हवा भरून ‘कधी निघायचं?’ करत उभा असतो. थोरली चौदाची झाली आणि गाडं अडलं. ‘तुम्ही जा, मी घरी थांबते’ हे ठरलेलं उत्तर. आलीच तर अर्धा रस्ता गप्प आणि उरलेला अर्धा ‘अजून किती?’. दमाचा प्रश्न नाही, शाळेच्या संघातून बास्केटबॉल खेळते.

येत्या सुट्टीत चार दिवसांची फेरी काढायची आहे. दिवसाला ५०-६० किमी, सामान सायकलवरच. तिला ओढून न्यायचं नाही. पण ‘नको म्हणाली, विषय संपला’ असंही करवत नाही, कारण अजून दोन-चार वर्षांनी ती आमच्याबरोबर असणार आहे कुठे? ज्यांची मुलं या वयातून गेली किंवा जातायत त्यांनी लिहा. ‘मोबाइल काढून घ्या’वाले प्रतिसाद कृपया नकोत.

चढणकर

फेरी ठरवली कोणी? तारखा, रस्ता, अंतर, मुक्काम सगळं तुम्ही दोघांनी ठरवून मग तिला ‘येतेस का?’ विचारलं असेल, तर तिच्या हातात हो किंवा नाही म्हणणं एवढंच उरतं. चौदाव्या वर्षी ‘नाही’ जास्त भाव खातं.

आमच्याकडे मुलाच्या हातात नकाशा दिला. नुसता बघायला नाही, पूर्ण ताबा. मार्ग त्यानेच आखायचा, फोनमध्ये ऑफलाइन उतरवून घ्यायचा, वाटेत वळणं त्यानेच सांगायची. पठ्ठ्याने आमचा सरळ डांबरी रस्ता सोडून कालव्याकडेचा कच्चा रस्ता धरला, का तर सॅटेलाइट चित्रात त्याला एक जुना पूल दिसला होता. अंतर वाढलं. धूळ खाल्ली. एके ठिकाणी रस्ताच वाहून गेला होता, तिथे सायकलींवरचं सामान उतरवून, एकेक पिशवी हातोहात पलीकडे देत ओलांडलं. बायको जाम वैतागली. पोरगं मात्र ‘किती राहिलं’ म्हणून एकदाही म्हणालं नाही. कसं म्हणणार, आम्हीच त्याला विचारत होतो.

आमच्या अटी दोनच: भरधाव वाहतुकीचा हायवे नको आणि अंधाराच्या आत मुक्काम गाठायचा. बाकी सगळं त्याचं. फक्त लुटुपुटूची निवड देऊ नका. ‘निळी बाटली घेतेस की लाल?’ असं विचारलंत तर ती कुठल्या नजरेने बघेल ते तुम्हालाच ठाऊक.

गिअरबदल

वरच्याला +१. आणि तिला पुढे चालवू द्या. सतत आईबाबांची पाठ बघत कोण पेडल मारेल!

टायरट्यूब

मनाचं होईल नंतर, आधी सायकल बघा. ‘कंटाळा आला’ म्हणणाऱ्या पुष्कळ पोरांचं दुखणं सायकलीत असतं, आणि ते त्यांना सांगता येत नाही, कारण सायकल अशीच चालते असा त्यांचा समज असतो.

उंची. वाढीच्या जोरात मुलं वर्षाला ८-१० सेंमी वाढतात, मुली साधारण बाराव्या वर्षी आणि मुलगे चौदाव्या. तुमच्या लेकीची सायकल त्याआधी घेतलेली असेल तर ती आता लहान झाली असायची दाट शक्यता. सीटची साधी परीक्षा: पेडल सगळ्यात खाली असताना त्यावर टाच ठेवली की पाय सरळ व्हायला हवा. मग पंजा ठेवून चालवताना गुडघ्यात आपोआप थोडा बाक राहतो. सीट वर घ्यावी लागली तर सीटपोस्टवरची (म्हणजे सीटखालच्या दांड्यावरची) मर्यादेची खूण बाहेर दिसता कामा नये. दिसली म्हणजे सायकलच मोठी हवी.

वजन. १५ किलोची सायकल ७५ किलोच्या बापाला स्वतःच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाची पडते, ४५ किलोच्या मुलीला तिसऱ्या हिश्शाची. चढावर हा फरक सपाटून जाणवतो. त्यात घरात हलकी, चांगली सायकल कोणाची असते? आपली. मुलांना ‘अजून वाढतायत’ म्हणून लोखंडी धूड.

आता गिअर, हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय. पुढे, पेडलजवळच्या चक्राला ४२ दात आणि मागच्या चाकाचं सगळ्यात मोठं चक्र २८ दातांचं असेल, तर पेडलच्या एका फेऱ्यात सायकल साधारण ३.१५ मीटर जाते. पुढे ३० आणि मागे ३४ असेल तर १.८५ मीटर. चढावर ताशी पावणेसातच्या वेगाने जाताना दुसऱ्या सायकलवर पाय मिनिटाला ६० वेळा फिरतात, पहिलीवर ३५ वेळा, आणि प्रत्येक फेऱ्याला जोर १.७ पट लागतो. पहिलीवरचं पोर उभं राहून, दात-ओठ खाऊन चढतं आणि माथ्यावर पोचून म्हणतं की सायकलिंग भंगार आहे. त्याच्यापुरतं ते खरंच असतं.

आणि सामान सारखं वाटू नका. जो सगळ्यात जोरात पळतो त्याच्या सायकलला सगळ्यात जड पिशव्या. वेग जुळवायचा याहून सोपा उपाय मला तरी माहीत नाही.

हाडवैरी

(फिजिओथेरपी माझा पेशा आहे, म्हणून हा आयडी.) टायरट्यूब यांच्या सीटच्या मुद्द्याला जोड देते. सीट खूप खाली असेल तर गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखतं. पण वाढत्या वयात आणखी एक गोष्ट होते: गुडघ्याच्या वाटीखाली, नडगीचं हाड सुरू होतं तिथे दुखणं, दाबलं की कळ, कधी टेंगूळ. याला ऑसगुड-श्लाटर म्हणतात. मांडीचा मोठा स्नायू जिथे हाडाला जोडलेला असतो, तो भाग वाढीच्या काळात अजून पक्का झालेला नसतो आणि वारंवार ओढला जाऊन दुखतो. उड्या-धावण्याचे खेळ खेळणाऱ्या मुलांत जास्त दिसतं. नीलपंख, तुमची लेक बास्केटबॉल खेळते म्हणून मुद्दाम लिहिलं. बहुतेकांचं वाढ पूर्ण झाली की थांबतं, पण दुखत असताना ‘सवय होईल’ म्हणून दामटायचं नाही. एकदा डॉक्टरांना दाखवा.

दुसरं, बसायची जागा. पॅडेड शॉर्ट्स घालायच्या तर आत दुसरं काही न घालता. शिवण घासते आणि दुसऱ्या दिवशी सीटवर बसवत नाही. हे मुलीला आईने किंवा मावशीने एकटीला गाठून सांगावं, चारचौघांत नाही. घट्ट शॉर्ट्सची लाज वाटत असेल तर वरून सैल हाफपँट, प्रश्न मिटला. फेरी पाळीच्या तारखांवर येतेय का, हेही तिलाच आधी विचारून ठेवा आणि त्यातली एक तारीख हलवायची मुभा द्या. पोटात कळा येत असताना ६० किमी चालवून कोणाला काय सिद्ध करायचंय?

वाऱ्याविरुद्ध

आम्ही सरळ सौदा केला. ठरवलेले किलोमीटर पूर्ण झाले की हेडफोन. चिरंजीव पंधराचे आहेत. एक शब्द न काढता सायकल चालवली. तुम्ही लोक उगाच मानसशास्त्रात शिरताय.

चढणकर

हेडफोन मिळाल्यावर?

१९७३ साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. चित्रं काढायला मुळात आवडणाऱ्या मुलांपैकी काहींना आधी सांगितलं की चित्र काढलंत तर बक्षीस मिळेल. बक्षीस दिलं. काही दिवसांनी बघितलं तर मोकळ्या वेळात हीच मुलं चित्रांकडे बाकीच्यांपेक्षा कमी वळत होती. जे आवडीने करत होते ते ‘कशासाठी तरी’ करायचं काम झालं.

वाऱ्याविरुद्ध

ती बालवाडीतली मुलं होती हो. माझा घोडा पंधरा वर्षांचा आहे, त्याला सौदा कळतो. आणि त्याला सायकल मुळात आवडत नव्हतीच, मग आवड कमी होणार कुठून?

चढणकर

हा मुद्दा मान्य. आवड नसलेल्याला पहिला धक्का द्यायला बक्षीस चालत असेल. पण नीलपंख यांच्या मुलीला आवड होती, ती मधेच कुठेतरी गळाली. तिथे सौदा केला तर पुढच्या वेळी ती भाव वाढवून मागेल. आणि त्याच प्रयोगात ज्यांना आधी न सांगता, नंतर अचानक बक्षीस मिळालं त्यांची आवड घटली नव्हती. म्हणजे द्यायचंच तर न सांगता द्या.

संथवाहिनी

आमच्या घरात सगळ्यात हळू मी. त्यामुळे मागे राहणाऱ्याची बाजू मांडते.

चढावर पुढचे निघून जातात. माथ्यावर थांबतात, पाणी पितात, गप्पा मारतात, श्वास खाली बसतो. मी दहा मिनिटांनी धापा टाकत पोचते. मला बघितलं की ‘आली! चला’ म्हणत सगळे सायकलवर. म्हणजे ज्यांना विश्रांतीची गरज नव्हती त्यांना दहा मिनिटं मिळाली आणि मला शून्य. मी मोठी आहे, मी भांडून नियम करून घेतला: शेवटचा माणूस पोचला की तिथून दहा मिनिटं मोजायची. चौदा वर्षांची मुलगी भांडणार नाही, ती पुढच्या वेळी यायचीच नाही.

उलटंही बघितलंय. मुलगा तयारीचा आणि बाप मागे. मग मुलाला सारखं ‘हळू, हळू’. त्याला पुढच्या ठरलेल्या फाट्यापर्यंत मोकळं सोडा की. फाट्यावर थांब एवढं सांगायचं. जोडीला दुसरं कोणी असेल तर उत्तमच.

समोरून वारा असेल तर पाळीपाळीने पुढे राहा. ताशी ३०च्या आसपास मागच्याचा जोर पाव ते तृतीयांश वाचतो म्हणतात. आपल्या सतराच्या वेगात एवढा नाही वाचत, पण वारा अंगावर येत असेल तर बराच दिलासा मिळतो. मात्र पुढच्याच्या चाकाला आपलं चाक खेटवायचं नाही आणि शेजारून अर्धवट पुढेही घालायचं नाही. चाकाला चाक लागलं की आपटतो तो मागचा. हे आधी रिकाम्या मैदानात शिकवा.

पँक्चरवाली

मी सोळा वर्षांची आहे. इथे बाबांमुळे आले, ते नेहमी वाचतात. काका-मावशींनो, रागावू नका पण लिहिते.

१. ‘बघ किती छान वाटतंय ना!’ हे दर पाच मिनिटांनी म्हणू नका. छान वाटत असलं तरी ते ऐकून जातं.

२. चढावर लाल तोंडाचा फोटो काढून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकायचा नाही. विचारल्याशिवाय कुठलाच नाही. हे माझ्यासाठी सायकलपेक्षा मोठं कारण होतं आणि आईला खूप उशिरा कळलं.

३. मैत्रीण येऊ देत. चारही दिवस फक्त आईबाबा आणि भाऊ? प्रेम आहे, पण तरी.

४. सायकल दुरुस्त करायला शिकवा आणि मग खरंच करू द्या. मी पहिलं पँक्चर काढलं तेव्हा बाबा दोन्ही हात पाठीमागे बांधून उभे होते. मी लिव्हरने ट्यूब चिमटली, तिला दुसरं भोक पाडलं, तेही मीच बुजवलं. त्यांना बोलायची किती घाई झालेली ते दिसत होतं. बोलले नाहीत. आता घरात सगळ्यांची पँक्चर मी काढते.

५. झोप. पहाटे पाचला ‘उठा उठा’ नको!! यावरच आमच्याकडे सगळ्यात जास्त भांडणं होतात.

गिअरबदल

बाकी सगळं मान्य, पण ऊन चढायच्या आत निम्मं अंतर उरकायला हवं की नाही? दहा वाजता निघून भर दुपारी तापलेल्या रस्त्यावर पोरं भाजून काढायची का?

हाडवैरी

दोघांचंही बरोबर आहे. वयात येताना शरीराचं घड्याळ तासा-दोन तासांनी पुढे सरकतं, झोप आणणारं मेलाटोनिनच रात्री उशिरा तयार व्हायला लागतं. हा आळस नाही. १३ ते १८ वयाला रात्री ८ ते १० तास झोप लागते, आणि ही मुलं नऊला आडवी केली तरी नऊला झोपत नाहीत. पाचला उठवलंत तर रोज दोन-तीन तासांची झोप बुडते. तिसऱ्या दिवशी जी चिडचिड दिसते तिला आपण ‘ॲटिट्यूड’ म्हणतो.

ऊन टाळायचंय तर दिवसाचं अंतर कमी करा, किंवा दुपारी सावलीत लांब मुक्काम टाकून तिथे झोपू द्या. मोठ्यांनी पहाटे एकट्याने दहा किमी मारून यायला कोणाची ना नाही. चिडचिडीचं दुसरं कारण भूक. वाढत्या अंगाला दोन थांब्यांमधलं आपलं अंतर झेपत नाही. भूक लागल्यावर नाही, त्याआधीच थोडं थोडं खायला द्या. उन्हात तासाला अर्धा ते पाऊण लिटर पाणी पोटात जातंय ना, तेही बघा.

वाऱ्याविरुद्ध

मी ब्रेव्हे करतो, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या सायकलफेऱ्या. २०० किमीला साडेतेरा तास, ३०० ला वीस. घड्याळ डोक्यात बसलेलं असतं. घरच्यांबरोबर निघताना मीटर काढून ठेवतो, नाहीतर सरासरी घसरली की माझा चेहरा उतरतो आणि पोराला तो बरोबर वाचता येतो. हेडफोनवरून मला झोडपलंत, पण एवढं तरी माझ्याकडून घ्या. बाय द वे, ते हेडफोन घालून सायकल चालवू द्यावी का, यावर मतं?

टायरट्यूब

अजिबात नाही. मागून येणारी गाडी आधी कानांना कळते. फ्रान्समध्ये २०१५ पासून सायकलवर इयरफोनला कायद्यानेच बंदी आहे.

पँक्चरवाली

आमच्याकडे हँडलला छोटा स्पीकर आहे. रिकाम्या रस्त्यावरच लावायचा, हळू आवाजात. गाणी पाळीपाळीने, बाबांची जुनी पण ऐकावी लागतात.

गिअरबदल

रिकाम्या रस्त्यावरही पाखरं असतात. त्यांनी काय पाप केलंय? असो, म्हातारा झालो मी.

चढणकर

एक राहिलंच: सुटकेचा रस्ता. मार्ग शक्यतो रेल्वे किंवा बसच्या वाटेला धरून आखा, म्हणजे कुठल्याही दिवशी ‘आता बास’ म्हणता येईल. सायकली कुठल्या गाडीत, कशा चढवतात हे आधी विचारून ठेवायचं. आणि कोणी ‘बास’ म्हटलंच तर टोमणा नाही, वर्षभर पुरवून पुरवून आठवण काढणं नाही. दार उघडं आहे हे माहीत असलं की माणूस बरंच पुढे येतो. आमचा मुलगा एकदा बसने गेला आणि मुक्कामी आमच्या आधी पोचून तंबू लावून बसला होता.

नीलपंख

सगळ्यांचे आभार, किती मनापासून लिहिलंत. प्रगती सांगते.

टाचेची परीक्षा केली. सीट चांगली चार बोटं खाली निघाली आणि वर घेतली तर ती खूण बाहेर. म्हणजे सायकल लहान झालीय. सध्या तिला माझी देतोय, मी नवऱ्याची जुनी घेतेय. गुडघ्याचं विचारलं तर म्हणाली, ‘दुखतो ना, मॅचनंतर पण दुखतो.’ डॉक्टरांची वेळ घेतली आहे.

पँक्चरवालीचा प्रतिसाद तिला न बोलता वाचायला दिला. तासाभराने कागदावर अटी आल्या. मैत्रीण हवी. नकाशा तिच्याकडे. साडेआठच्या आधी निघणार नाही. तिसरा दिवस सायकलविना, पाण्याकाठी कुठेतरी. तंबू मुलींचा वेगळा आणि आमच्यापासून ‘ऐकू येणार नाही इतका लांब’. फोटोंना परवानगी लागेल. शेवटची अट धाकट्याविषयी आहे, ती इथे लिहिण्याजोगी नाही.

साडेआठवर अजून घासाघीस चालू आहे. नवरा सातवर अडलाय, दिवसाला ४० किमी केलं तर आठला तयार होईल असं दिसतंय. बाकी सगळं मान्य केलं. आता प्रश्न मैत्रिणीचा: तिच्याकडे गिअरची साधी सायकल आहे, कॅरिअर नाही आणि तिने सलग वीस किमीच्या वर कधी चालवलेलं नाही. काय करावं?

टायरट्यूब

सामान तिच्या सायकलवर नकोच, तुम्ही दोघं वाटून घ्या. पाठीवरची सॅकही नको, खांदे आणि मान धरतात. टायर, ब्रेक पॅड आणि चेन आधी तपासून घ्या, पॅड झिजले असतील तर लगेच बदला, लांब उतारावर तेच वाचवतात. निघण्याच्या दोन-तीन आठवडे आधी दोघींना मिळून २५, मग ३५ किमी चालवू द्या. तुम्ही बरोबर जाऊ नका, फोन चालू ठेवा.

हाडवैरी

आणि मैत्रिणीच्या आईबाबांशी तुम्ही स्वतः बोला, मुलीकरवी निरोप नको. ॲलर्जी, चालू औषधं, रक्तगट आणि रात्री-अपरात्री उचलला जाईल असा एक नंबर लिहून घ्या. हेल्मेट तिचं तिला बसणारं हवं: भुवयांच्या वर दोन बोटं आणि हनुवटीखालच्या पट्ट्यात जेमतेम एक-दोन बोटं शिरतील एवढीच जागा. तुमच्या लेकीचं जुनं देणार असाल तर ते कधी आपटलेलं नाही ना ते विचारा. आपटलेलं हेल्मेट वरून धड दिसलं तरी बाद.

पँक्चरवाली

आणि साडेआठ म्हणजे साडेआठच हां काकू. आठ नाही.